चाचा, हात लावू नका

बसा, बसा पाव्हणे. पासपोर्टचे फोटो निंगाले उलीसा टाइम लागन, प्रिंटर गरम होऊन राहिला. अन् तुमची अंजनगाववरून जानारी अमरावतीची एस.टी. काही इतक्यात येत नाई. तवरक एक किस्सा सांगतो. तुमी कॉम्प्युटरवाले दिसता, बॅगीवरूनच वळखलं. मंग त हा तुमी ऐकाच. ह्या अकोटच्या दुकानात, तुमी बसले त्याच खुर्चीसमोर, ह्या गयासुद्दीनची इज्जत जाता जाता राह्यली.

मी लग्नाचे फोटो काढतो. रोलच्या जमान्यात बरं होतं, मोजून काढत होतो. आता एका लग्नाचे हजारानं फोटो निंगतात. हयदीचे अलग, लग्नाचे अलग, पंगतीचे अलग, लावता लावता मान मोडते. तं माह्या भावाची पोट्टी हाये, अफिफा. अमरावतीले कॉम्प्युटर शिकून राहिली. तिनं मले प्रोग्राम बनवून देला. कॅमेऱ्याचं कार्ड लावा, घरधन्याचं नाव टाका, हयदी का लग्न ते सांगा, बटन दाबा. सारे फोटो आपापल्या फोल्डरात जाऊन बसत, अन् कार्ड दुसऱ्या लग्नासाठी साफ होऊन जाय. शेवटी हिरव्या अक्षरात येय, 'झालं'. मी त खूश.

प्रोग्राम जिथं ठेवला त्या फोल्डरालेबी तिनं नाव देलं. 'चाचा हात लावू नका'. कारन एकडाव मी त्यातली एक फाईल फालतू समजून उडवली होती. तिनं फोनवर असं झापलं मले, का तवापासून त्या फोल्डराकडं मी नजरबी टाकत नाई.

दोन वर्सं मस्त चाललं. मंग दुकानातला डब्बा झाला जुना. नवीन विंडोज म्हणे ह्याच्यावर चढत नाई. दुरुस्तीवाला म्हणे, "भाई, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राईव्हचे व्हायरसबी तरास देनार नाईत." मी अफिफाले फोन केला. "अरे पोट्टी, तुहा प्रोग्राम चालन का त्याच्यावर?"

"चाचा, पायथन भाषेत लिहेल हाये. कुठीबी चालते."

चालला. हेच त दुखनं हाये! डोमाजीच्या पोरीचं, अपेक्षाचं लग्न काढलं, कार्ड लावलं, बटन दाबलं. हिरवं 'झालं' आलं. कार्ड साफ. त्याच कार्डायवर दुसऱ्या दिवशी अचलपूरचं लग्न काढलं. तेबी 'झालं'.

आता डोमाजी कोन, ते आयका. सोनखासचा कास्तकार, माहा जुना दोस्त. अन् त्याची माय, माणिकबाई. ह्या बुढीनं जिंदगीत कोनाले फोटो काढू देला नाई. म्हणे, "माहं थोबाड लोकायच्या भितीवर कायले पाह्यजे?" आधारकार्डासाठी बळजबरीनं बसवलं, त त्याच्यात ते अशी पाहून राहिली का कार्ड हातात घेनारा भ्यावा. पन नातीच्या हयदीत मी तिच्या पाया पडलो. म्हटलं, "माय, एकच. मंग कदी नाई म्हननार." तिचे दोनी हात हयदीनं पिवये, पदर डोक्यावर, अन् कोनीतरी काहीतरी बोललं, त ते हासली. हासली म्हंजे अशी हासली, का माहं बोट आपोआप बटनावर गेलं. मी सारी जिंदगी फोटो काढले पाव्हणे, पन तो फोटो अलगच होता. एकच होता. दुसरा ते काढू देनार नव्हती.

आमच्याइकडं अल्बम बनवायच्या पहिले दोनी घरचे लोक स्टुडिओत येऊन फोटो निवडतात. पोरीकडचे म्हनतात आमचे कमी, पोराकडचे म्हनतात आमचे कमी, अन् चहा माह्या दुकानाचा. डोमाजीनं ऐतवार ठरवला. मी सकाळी दुकान उघडून म्हटलं, पाहून ठेवू बावा एकडाव.

फोटो नेहमी जिथं राहत, तो डी ड्राईव्ह उघडाले गेलो. डी ड्राईव्हच नाई! ह्या मशीनवर सी नाई, डी नाई, काहीच नाई. 'लग्न' नावाचं फोल्डर नाई. डोमाजी नाई, अचलपूर नाई. अफिफाले फोन केला, त ते म्हणे, "चाचा, कायलेच हात लावू नका. मी निंगून राहिली."

ते एस.टी.नं येऊन राहिली, अन् इकडं डोमाजीचा टेम्पो दुकानासमोर. पोरीकडचे, पोराकडचे, लेकरंबाकरं, अन् समोरच्या सीटवर डायवराच्या बाजूनं माणिकबाई.

"गयास, कुठी हाये रे मी?" उतरता उतरताच बुढी म्हणे.

"माय, बस उलीशी. मशीन गरम होऊन राहिली."

हासू नका पाव्हणे, तुमचा प्रिंटर खरंच गरम होऊन राहिला.

चहा झाला. अखीन चहा झाला. डोमाजीची इहीन, नवरदेवाची माय, म्हणे, "आमच्याइकडच्या स्टुडिओत त पडद्यावर दाखवतात." डोमाजी माह्या कानापाशी येऊन म्हणे, "गयासभाऊ, काहून घाम आला तुले? पंखा त चालू हाये."

"काही नाई."

"फोटो हायेत ना?"

मी कपबश्या उचलाले लागलो. दोस्ताले काय सांगू? तो माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला, अन् मंग हयूच म्हणे, "बाकीचं जाऊ दे. मायचा हाये ना?"

अन् मायचे कान काही गेले नव्हते! ते खुर्चीवरूनच म्हणे, "मी म्हनलं होतं ना, ह्या डबड्यात जाते ते वापस येत नाई. आता पाया पड अखीन. पन दुसरा मिळनार नाई."

तेवढ्यात अफिफा आली. सलाम ना दुवा, थेट मशीनसमोर. मी तिच्या मांगं उभा.

"पोट्टी, मले एकच सांग. जर फोटो ठेवताच आले नाई, त तुह्या प्रोग्रामनं 'झालं' काहून म्हटलं? नाई जमलं त नाई जमलं म्हनाव ना! मानूस असता त दोन थापडा देल्या असत्या."

"चाचा, चूप बसा जरा."

तिनं प्रोग्राम उघडला. पाहता पाहता कपायावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"मी फोटो ठेवाचा पत्ता कसा लिहिला पाहा ना. डी ड्राईव्ह, मंग उलटी तिरपी रेघ, मंग लग्न, रेघ, डोमाजी, रेघ, हयदी. माह्या लॅपटॉपवर डी हाये, तुमच्या जुन्या डब्ब्यावर डी होता. मले वाटलं सारीकडं असते."

म्हंजे आपन नाई का सांगत, 'डाव्या हातानं या, किसनरावच्या हॉटेलापासून वळा'. गावातल्याले समजते. बाहेरच्याले काय मालूम, किसनराव कोन?

"मंग त्या मशीननं तोंड उघडून सांगाले पाह्यजे ना, का डी नाई म्हनून!"

"तेच त. विंडोजवर ते उलटी रेघ म्हंजे दरवाजा. ह्या फोल्डरातून त्या फोल्डरात जा. लिनक्सवर दरवाजाची रेघ दुसरी, सुलटी. उलटी रेघ म्हंजे त्याच्यासाठी नुसतं एक अक्षर. मी जो पत्ता देला, तो साराच्या सारा त्यानं फोटोचं नाव समजला."

"मंग ठेवला कुठी?"

"प्रोग्राम जिथं उभा होता तिथंच."

"अन् उभा कुठी होता?"

पोट्टीनं माह्याकडं पाह्यलं. मी पोट्टीकडं. तिनं हयूच ते फोल्डर उघडलं. 'चाचा हात लावू नका'.

पाव्हणे, भरून सांडून राहिलं होतं! डोमाजीकडची हयद, अचलपूरची पंगत, सारे एकावर एक, फोल्डर ना काही. हरेक फोटोचं नाव असं लांबलचक, डी ड्राईव्हपासून सुरू. पाहुन्याले नाव इचारा अन् त्यानं सारा पत्ता म्हनून दाखवावा, तसं. अन् मी सकाळपासून सारं मशीन उलटंपालटं केलं होतं, ते एक फोल्डर सोडून. काहून का मले ताकीद होती ना!

"मले उघडू देलं असतं त?" मी कावलो.

"उघडलं असतं त फालतू समजून उडवलं असतं तुमी," ते म्हणे. अन् पोट्टी काही खोटं बोलली नाई.

माणिकबाई काठी टेकत मशीनपाशी आली. अफिफानं तिचा फोटो उघडला. हात पिवये, डोये बारीक, तोंडात दात नाई, अन् सारं थोबाड हासून राहिलं. बुढी पाहतच राह्यली.

"हे मी हाये?"

"तूच माय."

"बोयकी हाये, पन बरी दिसते." मंग माह्याकडं फिरून म्हणे, "मोठा करून दे. दारातून दिसला पाह्यजे."

डोमाजीनं रुमाल काढून चेहरा पुसला. म्हणे, पंखा बराबर लागत नाई.

अफिफानं जातानी प्रोग्राम नवीन लिहून देला. आता तो स्वतःच्या मनानं डी-बी काही धरत नाई. पहिले मशीनलेच इचारते, बावा तुहं घर कुठी हाये, अन् तुह्याकडं दरवाजा कसा लिहितात. जे मशीन सांगन तसा रस्ता जोडते. तिच्या लॅपटॉपवर अन् माह्या डब्ब्यावर दोनीकडं चालवून पाह्यला. अन् फोटो जागेवर पोचले का ते मोजल्याबिगर कार्ड साफ करत नाई. फोल्डराचं नावबी बदललं तिनं. आता हाये 'चाचा, पहिले इथं पाहा'.

हे घ्या तुमचे फोटो, कान दिसतात बराबर. अन् हे घ्या, हे मोठं पाकीट. नाई, तुमचं नाई. माणिकबाईचा फोटो हाये, फ्रेम करून. डोमाजी कापसाच्या गडबडीत हाये, मले दुकान सोडता येत नाई, अन् बुढी रोज फोन करून माहा जीव खाऊन राहिली. तुमची एस.टी. सोनखासच्या फाट्यावर थांबते. तेवढं पोचवून द्याल का? घर कुठी हाये ते मले इचारू नका, मी आपला माह्याच खुणांनी सांगीन अन् तुमी भटकान. फाट्यावर उतरा, अन् तिथंच कोनाले तरी इचारून घ्या.