खोट्या दहा बाटल्या

“मावशी, हिच्यात काय दिसतं सांगा,” म्हणत साहेबांनी इंजेक्शनची बाटली टेबलावर ठेवली.

मावशींनी बाटली उचलली, टोपणाकडे पाहिलं आणि परत ठेवली. “चांगली आहे की.”

साहेबांनी ती उलटी करून दिव्यासमोर धरली. आतल्या औषधातून काचेचा एक कपचा सावकाश खाली येत होता. बाटली दवाखान्यातून परत आली होती. तिथल्या नर्सचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून पेशंट थोडक्यात बचावला होता.

कारखान्यात मावशींना सगळे दुर्बीणमावशी म्हणत. एकोणीस वर्षं काम एकच. बाटली उचलायची, उलटी करायची, पाच सेकंद काळ्या पाटीसमोर, पाच सेकंद पांढऱ्या पाटीसमोर धरायची, कचरा नसेल तर पुढे सोडायची. दिवसाला दोन हजार बाटल्या. पहिल्या वर्षी कंटाळ्याने इतका जीव जायचा, की मावशी बाथरूममध्ये जाऊन रडून यायच्या.

त्यांना तारलं खोट्या बाटल्यांनी. तपासणाऱ्या बायका जाग्या आहेत की नाही ते बघायला ऑफिसवाले मुद्दाम कचरा घातलेल्या दहा बाटल्या रोज मध्येच मिसळत. त्या पकडायच्या, हा मावशींचा खेळ झाला. दहातल्या दहा. बोर्डावर नाव लागायचं. कामात राम नाही म्हणून लेकीने दुसरी नोकरी सोडली, तेव्हा मावशी तोऱ्यात म्हणाल्या होत्या, “कामात मजा कोणी घालून देत नाही गं. आपणच शोधायची असते.”

मजा त्यांनी शोधली होती खरी. त्या दहा बाटल्या वर्षानुवर्षं त्याच होत्या, हाताळून हाताळून त्यांच्या टोपणांची चकाकी गेली होती. चार-पाच वर्षांपूर्वी हे मावशींच्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून नजर आपोआप टोपणावरच जायला लागली. ठरवून काही केलं नव्हतं. टोपण चकचकीत, की बाटली पुढे. आत्ता साहेबांसमोरही तेच झालं होतं, हे त्यांना कळलं.

“घाईत बघितलंत तुम्ही,” साहेब म्हणाले. “बाटलीवर छापलेल्या वेळेला टेबलावर तुम्ही आणि ती नवी बाई, दोघीच होता. तुमचं रेकॉर्ड मला माहीत आहे. रिपोर्टात नवीचं नाव लिहितो. तुम्ही खाली सही करा.”

नवी दाराशी उभी होती. तिचं तान्हं मूल तिला झोपू देत नसे आणि ती टेबलावर डुलक्या काढते हे सगळ्यांना माहीत होतं. बिचारीला वाटत होतं, चूक आपलीच असणार.

सही केली असती तर मावशींची नोकरीची उरलेली दोन वर्षं सुखाने गेली असती. पेन हातात घेतलंही त्यांनी. मग खाली ठेवलं.

“साहेब, तुमच्या दहा बाटल्या आणा. शंभरात मिसळा. आणि तो दिवा बंद करा.”

“दिवा बंद केला तर आतलं दिसणार कसं?”

“करा तर खरं.”

अर्ध्या अंधारात मावशींनी दहाच्या दहा बाटल्या वेचून बाजूला ठेवल्या. एकही उलटी केली नाही. साहेब खुर्चीत बसले.

“मग इतकी वर्षं तुम्ही बघत काय होता?”

“टोपणं. नवी पेंगते, पण जागी असते तेव्हा औषध बघते. माझं नाव लिहा.”

त्या रात्री लेक खोदून खोदून विचारत राहिली, पण मावशींनी तिला काही सांगितलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

नोकरी गेली नाही. वयाकडे बघून त्यांना औषधाच्या माहितीपत्रकांना घड्या घालायला बसवलं. तीन घड्या, की पुढचा कागद. इथे कोणी परीक्षा घेत नाही. दिवस संपता संपत नाही.

आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत नवी डबा घेऊन शेजारी येऊन बसली.

“टोपणं बदलली मावशी. दहाही नवीन. आज माझी एक खोटी सुटली. बोर्डावर नऊच लिहिले.”

“आणि खऱ्या?”

“खऱ्या खराब दोन सापडल्या. एकीत काच होती, एकीत केस.”

“एका दिवसात?”

“हो. का?”

दिवसाला दोन धरून मावशींनी मनातल्या मनात चार-पाच वर्षांत आपण पुढे सोडलेल्या खराब बाटल्या मोजायला घेतल्या. पहिल्या वर्षापाशीच थांबल्या. नवीने पुढे केलेला डबा त्यांनी हळूच बाजूला सारला आणि सुट्टी संपायच्या आधीच पुढचा कागद उचलला.