केबिनची प्लेट

"गॅरेजमधलं काही वाचून द्यायला जाऊ नकोस," सासूबाई मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत म्हणाल्या होत्या. "एकदा वाचलंस की ते तुझ्या तोंडचं होतं." त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शिकलेली सून आली म्हणून यांच्या पोटात दुखतंय, असं मी मनात म्हटलं आणि हसून विषय बदलला.

आमचं घर गॅरेजच्या वरच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं अंगण दिसतं आणि मी सारखी खाली बघत असते, कारण मुलगी नुकतीच चालायला लागली आहे आणि खाली जिथे पाऊल टाकावं तिथे खिळा नाहीतर वंगण. नवरा म्हणतो, खिडकीला तुझ्या नाकाचा डाग पडलाय. पडू दे.

नवरा आणि भाऊजी जुने ट्रक पुन्हा चालते करतात. "दोन मेलेल्यांतून एक जिवंत," असं भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. मी तो विनोदच समजत होते.

या वेळचा ट्रक माझ्या वडिलांच्या वयाचा होता. ना धड टेम्पो, ना मोठा ट्रक, मधल्या वजनाचा. केबिन हिरवी, डावं दार थोडं गडद. घ्यायला आलेला माणूस मधमाश्या पाळणारा. फुलोरा असेल तिकडे पेट्या घेऊन डोंगरात चढायचं आणि मधाने भरल्या की उतरायचं, हा त्याचा धंदा. सोबत त्याची लेक होती, चारेक वर्षांची. आल्या आल्या ती केबिनमध्ये चढून मधल्या जागी बसली आणि पाय हलवत राहिली. आई नव्हती तिला. ती कायम तिथेच बसून फिरणार होती.

"वजन किती झेपेल हिला?" मधवाल्याने विचारलं.

"ते प्लेटवरच आहे," नवरा म्हणाला आणि मला वरून हाक मारली. "अगं, खाली ये जरा. तुझ्या शिक्षणाचा आम्हालाही उपयोग होऊ दे."

"वहिनी, हिचं कूळ-मूळ सगळं बाहेर काढा," भाऊजी म्हणाले.

ही प्लेट म्हणजे रस्त्यावरून दिसते ती नंबरप्लेट नव्हे. दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, कंपनीने ठोकलेली नखाएवढ्या अक्षरांची पत्र्याची पट्टी. त्या कंपनीच्या जुन्या माहितीपुस्तकाची पानं मी फोनवर शोधली, मुलीला कडेवर घेतलं आणि एकेक अक्षर लावत गेले. पहिलं अक्षर केबिनचा प्रकार. पुढचे दोन आकडे वजनाचा वर्ग, ते साठ होते, म्हणजे मधल्यांत सगळ्यात दणकट: जाड मागचा एक्सल, मोठे ब्रेक. मग कारखाना, मग वर्ष, शेवटी गाडीचा स्वतःचा क्रमांक. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. बाळंतपणानंतर कुणी मला डोकं लागेल असं काही विचारलंच नव्हतं.

"म्हणजे भरलेल्या पेट्या सगळ्या एका खेपेत उतरवता येतील?"

"या वर्गाच्या गाडीला येतील," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही वाचलंत म्हणजे झालं." त्याने मधाची बाटली माझ्या हातात ठेवली. वर त्याचा पत्ता आणि फोन छापलेली चिठ्ठी. ट्रक न्यायला तो दोन दिवसांनी येणार होता.

दुसऱ्या दिवशी मुलीचा चेंडू ट्रकखाली गेला. तिच्याआधी मी वाकले. उजव्या पुढच्या चाकामागे, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लोखंडी पट्टीवर, ताज्या काळ्या रंगाखाली काहीतरी उमटलेलं दिसलं. रॉकेलच्या बोळ्याने घासलं. क्रमांक होता, पण प्लेटवरचा नव्हे. आणि वर्ग पन्नास.

मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि नवऱ्याला गाठलं.

"केबिन दुसऱ्या गाडीची आहे?"

"मग? या चासीची केबिन सडलेली होती. ती काय टोपीसारखी डोक्यावर ठेवू?"

"अरे, ती प्लेट केबिनसोबत आलीय. खालचा एक्सल हलका आहे, ब्रेक लहान आहेत."

"ब्रेक नवेकोरे टाकलेत."

"लहान मापाचेच ना?"

तो हात पुसत राहिला. "सगळे असंच करतात. गाडीला काही होत नाही. आणि मी कुठे त्याला आकडा सांगितला? सांगितलास तू."

भाऊजी पाना शोधायचं नाटक करत होते.

मी म्हटलं, उद्या तो आला की मीच सांगते. नवरा म्हणाला, सांग की. इतक्या सहज म्हणाला, तिथेच मला कळायला हवं होतं. सकाळी मुलीला लस द्यायला गेले आणि परत आले तर अंगणात वंगणाचा डाग तेवढा होता. मधवाल्याला लवकर बोलावून घेतलं होतं. नवऱ्याने त्याचा नंबर दिला नाही. "उगाच घाबरवू नकोस त्याला," म्हणाला.

मी बाटलीसाठी वर धावले. ती ओट्यावर उपडी होती, स्वच्छ घासलेली, चिठ्ठी भिजवून काढलेली. मध स्टीलच्या डब्यात. तो निम्मासुद्धा संपला नव्हता.

"बाटली चांगली होती," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुला सांगितलं होतं मी."

माझं चुकलं कुठे, हे मी कितीदा तपासलं. प्लेटवरचं एकही अक्षर मी चुकीचं लावलं नव्हतं. तेच तर. आता नवरा येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्याकडे शिकलेलं माणूस आहे, सगळं वाचून देतं. मी खाली जात नाही. खिडकीतून बघते, आणि रस्त्यावर हिरवं काही दिसलं की आधी डाव्या दाराचा रंग बघते.

तो कुठल्या डोंगरात असेल, मला माहीत नाही. तुम्हाला मधाच्या पेट्या लादलेला हिरवा ट्रक दिसला, डावं दार गडद असलेला, तर त्याला थांबवा. तो दाराची प्लेट दाखवेल, ती बघू नका. उजव्या पुढच्या चाकामागे रंग खरवडून त्याला पन्नास दाखवा, आणि उतार लागायच्या आत निम्म्या पेट्या खाली घ्यायला लावा. मी सांगितलं म्हणून सांगा, किंवा नका सांगू. पण आधी केबिनमध्ये डोकावा. मधल्या जागी पाय हलवत बसलेली मुलगी आहे ना, तेवढं बघा.