सतरा नंबर

"बूट इथेच काढा, ताई," दाराशी बसलेली चिटणीस म्हणाली. "चालण्यावरूनही ओळखू नये म्हणतात सर."

ताईने बूट काढून भिंतीशी जोडून ठेवले, सतरा आकडा लिहिलेला कागद हातात घेतला आणि मोज्यांवरच आत गेली. तालमीच्या खोलीत मधोमध काळा पडदा टांगला होता. पलीकडे तिघे बसले होते: साथीला पियानो वाजवणारी बाई, बाहेरगावाहून बोलावलेले एक म्हातारे परीक्षक आणि ताईचा धाकटा भाऊ. बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही, असा नियम होता. पियानोवर सूर वाजला. ताईने श्वास घेतला आणि दिलेल्या ओळी म्हटल्या. मधल्या लांब सुरावर आवाज जरा हलला, पण तिने तो सावरला. शेवट चांगला झाला. बाहेर येऊन तिने बूट चढवले, नाड्या बांधल्या. सहासष्टाव्या वर्षी परीक्षेला बसायचं म्हणजे गंमतच, असं ती चिटणीसबाईला म्हणाली.

नियम भावाचाच होता. परदेश दौऱ्याआधी त्याच्या गायकवृंदातल्या प्रत्येकाने पडद्याआडून गायचं, तिघांनी दहापैकी गुण द्यायचे, आणि एकानेही चारच्या खाली दिले की त्या नंबरावर काट. वशिला नको, ओळख नको. या शिस्तीसाठी तो देशोदेशी नावाजलेला होता. त्या शिस्तीचा ताईलाही अभिमान होता.

जग त्याला सर म्हणायचं, ताई बाळ म्हणायची. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई अकराची. वडील चर्चचे रखवालदार होते. झाडलोट, दिवाबत्ती, घंटा, सगळं त्यांच्याकडे. तिथे भिंतभर नळ्यांचा जुना ऑर्गन होता. बाळाने अकराव्या वर्षी त्याला हात लावला आणि मग तो तिथून हलेचना. त्या ऑर्गनला वारा पुरवायला मागच्या कोनाड्यात भाता होता आणि त्याचा दांडा कुणाला तरी सतत वरखाली करावा लागे. ते काम ताईने आठ वर्षं केलं. दिवसा इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळायच्या आणि संध्याकाळी भाता मारायचा. यात आपण काही त्याग करतोय असं तिला कधी वाटलं नाही. कोनाडा उबदार होता आणि गाणं फुकट ऐकायला मिळत होतं.

एकोणिसाव्या वर्षी तो शिष्यवृत्तीवर गेला. सव्विसाव्या वर्षी त्याने मोठी स्पर्धा जिंकली. मग मोठमोठ्या शहरांतले ऑर्गन, तबकड्या, भिंतीवर माणसाएवढी पोस्टरं. घरी कार्ड यायचं: "बरा आहे. ऑर्गन उत्तम. जेवण वाईट." वडील ते मोठ्याने वाचायला लावत आणि दर वेळी तेवढंच हसत.

पस्तिशीला तो परत आला आणि त्याने गायकवृंद काढला. पहिल्या वीस जणांत ताई होती. खालच्या पट्टीतल्या बायकांच्या रांगेत डावीकडून तिसरी, चोवीस वर्षं. धुलाईखान्यातल्या बायकांना ती सांगायची, मंगळवारी संध्याकाळची पाळी मला लावू नका, बाकी कसंही पिळा.

गुरुवारी यादी लागली. सोळाच्या खाली अठरा होता.

ताई यादीपुढे थोडा वेळ उभी राहिली. कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वय कुणाला चुकलंय, असं ती स्वतःच म्हणाली, म्हणजे कुणाला काही बोलायची अडचण नको.

शनिवारी पियानोवाली घरी आली. निमित्त होतं ताईकडची स्वरलिपीची वही परत न्यायचं. वही घेऊनही ती दारातून हलेना. शेवटी तिने सांगितलं की तिने स्वतः सतरा नंबरला सात दिले होते, म्हाताऱ्या परीक्षकांनीही सात. सरांनी तीन.

"मी हे सांगायला नको होतं," ती म्हणाली.

ताईने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

रविवारी बाळ आला, दर रविवारी यायचा तसा. वडील नव्वदी ओलांडलेले, ताईकडेच अंथरुणाला खिळलेले. त्यांची नखं बाळ कापायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. त्याने पलंगावर टॉवेल पसरला, म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला. वडील झोपेत होते.

ताई खिडकीशी घड्या घालत होती. तिने घडी पुरी केली आणि विचारलं, "पडद्याआडून मला ओळखलंस?"

"हो."

"कुठल्या सुराला?"

"सुराच्या आधीच. तू श्वास घेतलास तेव्हा."

"मग गाणं ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"तसंच दुसरी कुणी गायली असती, तर किती दिले असतेस?"

तो अंगठ्याचं नख कापत होता. जाड, पिवळं नख होतं, वेळ लागला. "सहा," तो म्हणाला. मग म्हणाला, "साडेसहा."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली आणि निघून गेली.

"तुला ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते..." त्याने सुरुवात केली.

"लोकांना सतरा आकडा माहीत होता. नाव माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं ना, ताई."

"मग पडदा कुणासाठी लावला होतास, बाळ?"

त्याने दुसरा पाय मांडीवर घेतला. मग तो बराच वेळ बोलत राहिला. दौऱ्यात वेषभूषा सांभाळायला तिने यावं, हॉटेलची खोली चांगली असेल, सगळ्यांना ती हवीच आहे. वडिलांना कोण बघणार, एवढंच ताई म्हणाली. निघताना त्याने विचारलं, रागावलीस का. ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं. राग तिला ओळखता येत होता. हे वेगळं होतं. धुलाईखान्यात वर्षानुवर्षं उकळलेली चादर एखाद्या दिवशी पिळताना आवाज न करता फाटते आणि हातात दोन तुकडे उरतात, तसं काहीतरी.

दौरा सत्तावीस दिवसांचा, सहा शहरं. वर्तमानपत्रांनी बाळाला डोक्यावर घेतलं. वृंदाचा आवाज काचेसारखा स्वच्छ आहे, कुठे एक ओरखडा नाही, असं एकाने लिहिलं. बाळाने कात्रणं पाठवली. ताईने ती वडिलांना वाचून दाखवली.

"तू कुठे उभी होतीस?" वडिलांनी विचारलं. महिनाभर ती त्यांच्या उशाशीच होती, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"नेहमीच्या जागी," ताई म्हणाली. "डावीकडून तिसरी."

"मग बरोबर," असं म्हणून ते झोपले.

त्या हिवाळ्यातच ते गेले. एका सकाळी ताईने दुधाची वाटी आणली तर ते नव्हते. बाळ तासाभरात आला. दोघांनी मिळून वडिलांना पुसून काढलं, कपडे चढवले. कामापुरतं बोलणं झालं. दफनभूमीजवळच्या लहान प्रार्थनागृहात विधी ठरला. तिथे सहा खुंट्यांचा छोटा ऑर्गन होता; खुंटी बाहेर ओढली की नळ्यांची एक ओळ वाजू लागे, आत ढकलली की बंद होई. त्यावर तो स्वतः वाजवणार होता.

तीसेक माणसं जमली. शेजारी, धुलाईखान्यातल्या दोघी जुन्या बायका, वृंदातले पाचसहा जण. शेवटी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं एक गीत होतं, चार कडव्यांचं, लहान मुलांनाही येणारं. बाळ लोकांकडे पाठ करून बसला होता.

पहिलं कडवं त्याने भरदार वाजवलं. दुसऱ्याला एक खुंटी आत ढकलली. तिसऱ्याला आणखी दोन. दुःखाने हात हलका झाला असेल, असं लोकांना वाटलं. ताईला कळलं. तो मोठे आवाज एकेक करून बाजूला काढत होता, तालमीत एखाद्या रांगेतला एकच गळा ऐकायचा असला की काढायचा तसे. चौथ्या कडव्याला एकच बारीक आवाज उरला, आणि मग त्याने हातच उचलले. लोक नुसते गात राहिले, कुणी वर, कुणी खाली. बाळाची मान किंचित उजवीकडे, ताईच्या बाजूला, कलली होती.

ताई पुस्तक उघडं धरून उभी होती. शब्द तिला पाठ होते. तिचे ओठ मिटलेले होते.

गीत संपलं. लोक बसावं की नाही अशा घोटाळ्यात उभे राहिले. तेवढ्यात ऑर्गनमधून पुन्हा तीच चाल सुरू झाली, अगदी हळू. पाचवं कडवं पुस्तकात नव्हतं. काहींनी पानं उलटली, काहींनी चौथंच परत धरलं. ताईच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईला काही सापडेना. तिने गोंधळून ताईकडे पाहिलं.

ताईने ओठ न उघडता तिच्या पुस्तकात चौथ्या कडव्याच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बाई गाऊ लागेपर्यंत ते तिथेच धरून राहिली.