छडीपाशी भरलेली बैठक

फाट्! फाट्! आणि मग एक लांब, गळ्यात अडकलेलं रडणं.

"झालं! कडूबाचं शास्त्र सुरू झालं," शेजारची गोजरबाई चुलीपुढे भाकर थापता थापता म्हणाली. "आज कोणाचा नंबर हाय बाप्पा?"

तुम्ही म्हणाल, शास्त्राचा, म्हणजे बायबलच्या वाचनाचा, आणि माराचा काय संबंध? संबंध होता. धामणगाव बढ्याच्या बाहेर, नाल्यापलीकडे, कॅथलिक लोकांची एक छोटी वस्ती होती. तिथे तो दर मंगळवारी दिवे लागायच्या वेळेला सगळ्यांना ऐकू यायचा!

वस्तीत देऊळ होतं, पण फादर नव्हते. ते लांबून मोटारसायकलवर यायचे, महिन्यातून एखाद्या रविवारी. मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची मोठी उपासना, व्हायची, लग्नं-बाप्तिस्मे व्हायचे, आणि फटफटी धूळ उडवत निघून जायची. मधल्या दिवसांत देवळाला कुलूप. मग रोमहून नवे वारे आले. इतकी वर्षं लॅटिनमध्ये चाललेली, कुणाला ओ की ठो न कळणारी प्रार्थना मराठीत आली. लोक अक्षरशः रडले! आणि फादर म्हणाले, "आता फादरची वाट बघत बसू नका. तुमच्यातलेच लोक शिका. प्रार्थना चालवा, शास्त्र वाचा, आजाऱ्याच्या घरी जा."

त्यासाठी चिखलीला शिबिर झालं. वस्तीतून दोघं गेले. एक शालूबाई, मिशनच्या दवाखान्यातली नर्स. दुसरा कडूबा गवंडी. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस, पण त्या नावानं त्याला फक्त फादर हाक मारत.

शिबिरात बैठकीची एक रीत शिकवली होती. एकानं उतारा वाचायचा. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. मग ज्याच्या मनात जो शब्द राहिला, तो त्यानं बोलून दाखवायचा आणि का राहिला ते सांगायचं. चालवणाऱ्यानं फक्त ऐकायचं. खोडायचं नाही, चुकलं म्हणायचं नाही. मंगळवारची बैठक कडूबाच्या घरी आणि गुरुवारची शालूबाईकडे, असं ठरलं. बैठक नीट चालली, तर ईस्टरच्या रविवारी फादर सगळ्यांसमोर कडूबाच्या गळ्यात क्रूस घालणार होते आणि देवळाची किल्ली त्याच्या हाती देणार होते.

त्या क्रूसासाठी कडूबा जीव टाकत होता! त्याच्या बापानं जन्मभर फादरांची पेटी वाहिली आणि जन्मभर दाराजवळ उभा राहिला. त्याच दारातून पोरगा पुढे जाऊन वेदीपाशी उभा राहणार होता. झोपेतसुद्धा त्याला ते दिसायचं.

पण कडूबानं एक भलतीच चूक केली. सगळी रीत त्यानं पाठ केली आणि तिची परीक्षा करून टाकली. त्याला वाटायचं, दर उताऱ्यात एकच शब्द बरोबर असतो आणि तो चालवणाऱ्यालाच ठाऊक असतो. चुकीचा शब्द बोलला की मार! मांडीवर शास्त्र आणि मांडीखाली निंबाची ओली छडी. पोरांच्या पोटऱ्यांवर वळ उठायचे. बायका पदराआडून आधी एकमेकींच्या कानात विचारून घ्यायच्या, "आज कोणता शब्द हाय व? सांग नं लवकर!"

एकदा त्याचा मेहुणा पुंजाजी बसला होता. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा उतारा होता. पुंजाजी म्हणाला, "मले भाकर हा शब्द राह्यला."

"खादाड लेकाचा!" कडूबा हसला. "देवानं चमत्कार केला अन् याले भाकर दिसली!"

"दिवसभर उपाशी व्हतो, जवाईबापू. भाकरच दिसंन मले. तुले काऊन टोचून राह्यलं?"

कडूबानं छडी उगारली. पुंजाजीनं ती धरली. मग काय विचारता! गळपट्टे फाटले, दोघं अंगणात लोळले, कंदील फुटून रॉकेल सांडलं. पुंजाजीचं कपाळ जात्याच्या पाळीवर आपटलं आणि रक्ताची धार डोळ्यात गेली. बायकांनी सोडवलं नसतं, तर त्या दिवशी एकाची तरी तिरडी बांधली असती.

त्यानंतर पुरुष यायचे बंद झाले. राहिली ती घरची माणसं आणि नाही म्हणायची हिंमत नसलेल्या चार बायका. कडूबा मात्र खूश! "पाहा, कशी शिस्त हाय माह्या बैठकीले!"

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा शेवटचा मंगळवार आला. उतारा होता प्रभूला बागेत धरायला येतात त्याचा. मशाली, सोटे, तलवारी. कडूबानं असा रंगवून वाचला की जणू तोच धरायला निघालाय! प्रभूचा एक शिष्य तलवार काढतो, महायाजकाच्या चाकराचा कान उडवतो, आणि प्रभू त्याला थांबवून त्या चाकराच्या कानाला हात लावून तो बरा करतो. वाचून झालं. कुणी डोळा वर करेना.

"मार्था, तू सांग," कडूबा म्हणाला.

मार्था त्याची थोरली लेक, सातवीत शिकणारी, वर्गात पहिली. तिला उत्तर माहीत होतं. त्याला 'तलवार' हवं होतं. पण ती म्हणाली, "कान."

"काय?"

"कान, बाबा. तो चाकर व्हता. मालकानं धाडलं म्हणून आला असंन. त्याले किती दुखलं असंन! त्याचं नाव बी कोणी घेत नाई."

बायका चुळबुळल्या. कडूबाचा चेहरा तांबडा झाला. "एवढं मोठं शास्त्र, अन् तुले कान सापडला? कोणं शिकवलं तुले हे?"

"कोणी नाई. माह्या मनात राह्यला." आणि मग पोर बोलू नये ते बोलून गेली. "बाबा, त्या तलवारवाल्याले बी तुमच्यावाणीच राग येत व्हता काय?"

दगड फोडणारा गवंड्याचा हात तो! पुऱ्या ताकदीनं तिच्या डाव्या कानावर बसला. मार्था भिंतीवर आदळली आणि खाली घसरली. तिच्या कानातून रक्त आलं. आधी एक थेंब, मग मानेवरून झग्याच्या गळ्यापर्यंत लाल रेघ.

"अवं माय!" कडूबाची बायको झुंबरबाई किंचाळत धावली. आजवर तिनं स्वतःच्या पाठीवरचं सगळं मुकाट सोसलं होतं. आज ती लेकीवर आडवी पडली. "मारा! मले मारा! तिले हात लावसान तर पाहा!"

"सरक!" कडूबानं तिचे केस धरले. छडी तिच्या खांद्यावर, मनगटावर, तोंडावर सपासप बसली. ओठ फाटला. आणि जे त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. झुंबरबाईनं चुलीजवळचं जळतं लाकूड उचललं आणि ते नवऱ्याच्या छातीवर रोखलं!

"या पुढं!" ती म्हणाली. रक्त तिच्या हनुवटीवरून ठिबकत होतं. "आणखी एक पाऊल टाका, तोंड जाळून टाकतो तुमचं!"

कडूबा मागे सरला. तिनं लाकूड फेकलं, लेकीला खांद्यावर घेतलं आणि ती शालूबाईच्या दवाखान्याकडे पळत सुटली.

जरा वेळानं कडूबाही तिथे पोचला. खरं सांगायचं तर लेकीसाठी नाही. क्रूस जाईल म्हणून!

"शालूबाई, फादरले सांगू नका. पाया पडतो."

शालूबाईनं मार्थाच्या कानात कापूस ठेवला, हात धुतले आणि मगच त्याच्याकडे पाहिलं. "पडदा फाटला तिचा. या कानानं आता ऐकू येईन का नाई, मी सांगू शकत नाई. अन् तुमाले फादरची पडली?"

"म्या काही वाईटासाठी मारलं काय? मार खाल्ल्याशिवाय कोणी शिकलं काय आजवर? माह्या मास्तरानं मले आढ्याले टांगलं व्हतं. म्हणून तर चार अक्षरं आली!"

"तुमच्यासंगं आणखी कोण टांगलं जात व्हतं?"

"माहा भाऊ. भगवंत. अन् दोघं-तिघं पोट्टे."

"मारानं अक्षर येत असंन, तर त्यायले काऊन नाई आलं?"

भगवंत एका सकाळी शाळेच्या खिडकीतून उडी मारून पळाला होता. पुन्हा त्यानं पाटी हातात घेतली नाही. अजून अंगठाच उठवतो.

"लोक भेले नाईत, तर बैठकीत बसतीन कशाले?" कडूबा कसंबसं म्हणाला.

"अन् भेऊन जे बसले, कडूबाभाऊ, ते देवापाशी बसले का तुमच्या छडीपाशी?" शालूबाईचा आवाज चढला. "चिखलीले आपल्याले एकच गोष्ट सांगतली व्हती, आयका! माणसाच्या मनात देव काय बोलला, ते त्याच्या तोंडून आयका. तुमच्या लेकीच्या मनात तो बोलला. तुमी त्याच्याच थोबाडीत मारली!"

कडूबा खाटेजवळ गेला. "मार्था," तो हळूच म्हणाला. तो डाव्या बाजूला उभा होता. पोरीनं मानही वळवली नाही. "मार्था, बेटा." काही नाही. तिला ऐकूच येत नव्हतं.

मग त्यानं हात उचलला. फक्त केसांवरून फिरवायला, देवाशपथ, फक्त तेवढ्यासाठी! पण मार्थाला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात दिसला. तिनं गपकन डोकं खाली घातलं, दोन्ही कोपरांनी तोंड झाकलं आणि खाटेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ती वाटीएवढी झाली.

अरे देवा! स्वतःची लेक! मायेच्या हाताला भेली!

तो हात तसाच हवेत राहिला. कडूबाला तो आपला वाटेना. तो खाली बसला, जमिनीवर, आणि ढोरासारखा रडला. त्याला कुणी उगी केलं नाही. करायलाही नको होतं!

ईस्टरच्या रविवारी देऊळ गच्च भरलं. फादरांनी पेटीतून क्रूस काढला आणि हाक मारली, "फ्रान्सिस!"

कडूबा पुढे गेला, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. "मी याच्या लायक नाई, फादर. म्या शास्त्र मांडीवर ठेवून लेकराईले झोडलं. बायकोचं तोंड फोडलं. पोट्टीचा कान घालवला."

देवळात कुजबूज उसळली. माणसांतून वाट काढत पुंजाजी आला. कपाळावर त्या मारामारीतल्या खोकेचा व्रण होता.

"आता कबूल करून दाखवतो काय बे? तिचा कान देतं काय कोणी?" आणि त्यानं भाचीसाठीचा सगळा राग मुठीत आणून कडूबाच्या तोंडावर ठोसा हाणला. कडूबा वेदीच्या पायरीवर कोसळला. दात हलला, तोंड रक्तानं भरलं. बायकांनी पोरं मागे ओढली. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय होणार ते!

कडूबा उठला. मूठ वळली, वर आली. आणि मग ती मूठ एकेक बोट करत उघडली.

"आणखी मारायचं असंन तर मार, पुंजाजी," तो रक्त गिळत म्हणाला. "माहा हात आता उठणार नाई."

पुंजाजीचा दुसरा ठोसा खालीच राहिला.

फादरांनी क्रूस पेटीत परत ठेवला. "शिबिरात शिकवायचं शिकलास, ऐकायचं राहून गेलं. वर्षभर नुसतं ऐक. मग बघू." देवळाची किल्ली त्यांनी शालूबाईला दिली.

इतके दिवस लेकीसोबत शालूबाईकडेच राहिलेली झुंबरबाई सुजल्या तोंडानं उभी राहिली. "घरी येतो मी. पण साऱ्यायसमोर सांगतो, पुन्हा हात उठला, तर फादरपाशी नाई, चौकीत जाईन!"

"जाय," कडूबा म्हणाला. "म्या आडवलं, तरी जाय."

पुढच्या मंगळवारी शालूबाईनं बैठक चालवली. पुरुष परत आले, पुंजाजीही आला. आपली पाळी आली तेव्हा मार्था बोलली, अडखळत, उजवा कान लोकांकडे करून. कडूबानं तिचा शब्द न् शब्द ऐकला. तिचा डावा कान मात्र बरा झाला नाही. तो कधीच झाला नाही.

वाचकहो, देऊळ कोणतंही असो, शाळा असो की आपलं घर, ज्याच्यापुढे माणसं भीतीनं मान खाली घालून बसतात, तो काहीच शिकवत नसतो. पोरांच्या तोंडातला शब्द मारून बाहेर निघत नाही, मारानं तो आत मरतो! ज्याला पुढारी व्हायचंय, शिक्षक व्हायचंय, आईबाप व्हायचंय, त्यानं उगारलेला हात आजच खाली घ्यावा. कान फुटायची वाट बघू नये!