पुन्हा पुन्हा नवा झालेला झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. हे माझं म्हणणं. फोनवर मात्र मी अनेकदा 'आजच आलेला' झालो आहे. त्यातलं खरं कोणतं, याचा माझ्या मनात अजून गोंधळ आहे. माझी गोष्ट कुणी ऐकावी एवढी मोठी आहे का, हीसुद्धा शंकाच आहे. पण स्वस्थ राहणं मला जमत नाही. झोपाळ्याची जातच हलण्याची. कित्येक महिने मी भिंतीला टेकून उभा होतो, कड्या पोत्यात बांधलेल्या, आणि आतल्या आत हलत होतो. म्हणून सांगतो. कंटाळलात तर खुशाल उठून जा. झोपाळ्यावरून उठून जाणाऱ्यांची मला सवय आहे.

माझा जन्म पारोळ्याचा. साग शिरपूरकडून आला आणि तोताराम मिस्तरींनी मला घडवलं. रतिलालनानांची मुलगी रूपाली लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. तेव्हा खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, आणि ज्या घरी झोका नाही ते माहेर त्यांना अर्धंच वाटतं. नानांनी मिस्तरींना बजावलं होतं, "चार पोरी एका वेळी बसल्या पाहिजेत." म्हणून मी असा रुंद. शेवटी शेवटी फार घाई झाली. एका कोपऱ्यावर कमळ कोरून झालं, दुसऱ्यावरचं अर्धंच राहिलं. "पुढच्या वर्षी पुरं करतो," तोताराम म्हणाले. ते त्यांनी कधीच केलं नाही. त्या अर्ध्या कमळाची मला पुष्कळ वर्षं लाज वाटत असे. कुणी त्या कोपऱ्यावर बसलं, की बरं वाटे.

त्या आखाजीला रूपाली आणि तिच्या मैत्रिणी माझ्यावर अशा बसल्या की कडीपाट करकरला. गाणी चालली होती, सासूच्या नावानं टोमणे चालले होते, मध्येच कुणी रडतही होतं. पुढे मी नुसता आखाजीचा न राहता वर्षभराचा झालो. सकाळी नाना वर्तमानपत्र वाचत, दुपारी कमलबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, तांदूळ निवडत. नातवंडं माझ्यावर झोपली. आल्यागेल्यानं म्हणावं, "नाना, काय झोपाळा आहे!" आणि नानांनी म्हणावं, "तोतारामच्या हातचा." कौतुक मिस्तरींचं होई. मला तेवढं पुरत असे.

मग कमलबाई गेल्या. रूपालीचं येणं आधीच कमी झालं होतं, आता थांबलंच. नानांचा मुलगा हितेंद्र यानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. स्लॅब पडली, तेव्हा पंख्यांचे हूक आठवणीनं ठेवले गेले. झोपाळ्याच्या कड्यांचं कुणाच्याही लक्षात आलं नाही. नानांच्यासुद्धा नाही. मित्रांनो, मला राग आला नाही. पण माझ्यासाठी वर बघायची कुणालाच गरज वाटली नाही, हे मनातून जात नाही.

बांधकाम होईपर्यंत सगळे भाड्याच्या घरात आले आणि मी तिथल्या ओट्यावर उभा राहिलो. नानांची सून डिंपल हिनं माझा फोटो काढला. कोपऱ्यात नानांचा पाय आणि कोल्हापुरी चप्पलही आली. खाली लिहिलं, 'जुना सागवानी झोपाळा, चार जण बसतील,' आणि मला फोनवरच्या बाजारात ठेवलं. नानांना अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणून ती सगळं त्यांना ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवी. माझ्याबद्दल जगात काय चाललं आहे, ते मला असं कळू लागलं.

पहिल्या दिवशी नुसती झुंबड. "शेवटचा भाव बोला." "धुळ्याला घरपोच कराल का?" एकानं विचारलं, "सायकलच्या बदल्यात देणार का?" नाना म्हणाले, "त्याला म्हणावं, सायकलवर चार पोरी बसव आधी." मी आतून हरखलो होतो. दुसऱ्या दिवशी फोन कमी झाले. आठवड्यानं एकही नाही.

"नाना, आपला झोपाळा फार खाली गेलाय," डिंपल म्हणाली.

"खाली कुठे? इथंच तर उभा आहे."

"फोनमध्ये हो. रोज नवीन येतात ते वर बसतात. आपल्यापर्यंत यायचं म्हणजे अंगठा दुखतो."

तेव्हापासून माझी तगमग सुरू झाली. आदल्या आठवड्यात लोकांना मी हवा होतो. माझा साग तोच, रुंदी तीच. मग मी वाईट झालो होतो, की फक्त खाली गेलो होतो? भिंतीला टेकून मी हाच विचार करी.

डिंपलनं उपाय शोधला. तिनं जुनी जाहिरात पुसली आणि तीच पुन्हा टाकली. मी पुन्हा 'आजच आलेला' झालो आणि पुन्हा फोन वाजू लागले! गंमत अशी, की विचारायचे पुष्कळ, पण घरी कुणी येत नसे. मी खाली गेलो, की तिनं मला परत वर आणावं. असं चाललं होतं. दर वेळी मला आशा लागे आणि दर वेळी ती ओसरे.

उन्हं तापायला लागली तेव्हा, जाहिरात चांगली खाली गेलेली असताना, एक निरोप आला. लिहिलेला नव्हता, आवाजातला होता. डिंपलनं तो नानांना ऐकवला.

"भाऊ, मी भडगावनी झुंबरबाई. तुम्हना झोका माले पसंद शे. पन यंदा मनी बहिननी पयली घागर शे. घागर भरल्याशिवाय आमना घरमा झोका येत नही. आखाजी व्हई गई का मी येसू. तिन्या तिन्ही पोरी आते मनाकडेच येतीन. तवलग कोनले देऊ नका."

आखाजीच्या सकाळी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. झुंबरबाईंची बहीण त्याच वर्षी गेली होती. ती घागर भरून होईपर्यंत त्यांच्या घरी झोका चालणार नव्हता; आखाजी झाली, की त्या मला न्यायला येणार होत्या. आणि बहिणीच्या मुलींना आता मावशीचंच घर माहेर होतं.

नानांनी फोन तोंडाजवळ धरला. "अक्का, झोका तुम्हना शे. बिनघोर ऱ्हा."

त्या रात्री मी किती निवांत उभा होतो, काय सांगू!

पण आखाजी जवळ आली तसा हितेंद्र अस्वस्थ झाला. घरमालकाला ओटा मोकळा हवा होता. नव्या घराच्या दारांना चौकटी लागणार होत्या. "अक्का आल्या तर आल्या," तो म्हणाला. "नाहीतर चुडामण मिस्तरीला सांगतो. असं सागवान आता मिळतं कुठं? देवघराची चौकट होईल."

चौकट! मित्रांनो, चौकट कधी हलत नाही.

डिंपल घाबरली. अक्का आल्याच नाहीत तर? आखाजीआधी झोके खपतात हे तिला माहीत होतं. तिनं मला पुसायला नवं फडकं घेतलं, तेल लावलं, नवा चकचकीत फोटो काढला. आणि मला वाचवायचं म्हणूनच, सवयीनं, जुनी जाहिरात पुसून नवी टाकली.

फोनवर फोन आले. धुळे रस्त्यावर हॉटेल काढणारे एक गृहस्थ तर थेट ओट्यावर आले. मला ठोकून पाहत म्हणाले, "दर्शनी भागात लावू. बसायला नाही, नुसता शोभेला. आजच नेतो."

नाना म्हणाले, "डिंपल, त्या भडगावच्या अक्कांना आधी विचार."

डिंपलनं फोन उघडला, खाली-वर केलं, आणि तिचा चेहरा उतरला. जाहिरातीबरोबर तिच्याखालची सगळी बोलणीही गेली होती. झुंबरबाईंचा आवाज गेला होता. त्यांचा नंबर कधी घेतलाच नव्हता. तिकडे त्यांच्या फोनमध्ये मी दिसेनासा झालो असणार, म्हणजे त्यांच्या लेखी विकला गेलो असणार.

"नाना, मी काय करून बसले!"

नानांनी तिच्या हातातला फोन घेऊन खाली ठेवला. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "साहेब, माफ करा. झोका दिलेला आहे."

"कुणाला?"

"नाव माहीत आहे. पत्ता माहीत नाही."

ते गृहस्थ हसत निघून गेले. हितेंद्र हसला नाही. त्यानं चुडामणला बोलावून माप घ्यायला लावलं. चुडामणनं कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या अंगावर, अर्ध्या कमळाच्या अलीकडे, एक रेघ ओढली. "आखाजीला करवत चालवत नाही मी," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी येतो."

डिंपलनं चकचकीत फोटो काढून टाकला आणि नानांच्या पायाचा जुना फोटो लावला. खाली लिहिलं, 'भडगावच्या झुंबरबाई अक्कांसाठी राखून ठेवला आहे.' त्यावर लोकांनी हसरी तोंडं पाठवली. एकानं लिहिलं, 'अक्का लकी आहेत.' दोनच दिवसांत मी पुन्हा खाली घसरू लागलो.

"वर आणू का, नाना?" तिनं विचारलं. तिचा अंगठा नुसता शिवशिवत होता.

"आता नको," नाना म्हणाले. "त्यांना जुना पाहिजे होता. शोधतील तर जुन्यातच शोधतील. हा फोटो जिथं आहे तिथंच राहू दे."

हे बरोबर होतं की चूक, मला कळेना. एकीकडे मी खाली खाली चाललो होतो आणि दुसरीकडे करवतीची सकाळ जवळ येत होती. आखाजी आली. सकाळी नानांनी कमलबाईंच्या नावानं घागर भरली. दुपारी शेजारच्या गल्लीतून झोक्याची गाणी येऊ लागली. दुसऱ्या कुणाच्या तरी कड्या वाजत होत्या. मी भिंतीला टेकून, रेघ अंगावर घेऊन, नुसता ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी चुडामण करवत घेऊन हजर झाला. नानांनी त्याला चहा दिला. तो संपल्यावर म्हणाले, "अजून घे."

"नाना, पोटात जागा नाही."

"मिस्तरी माणूस तू, जागा करायला काय वेळ लागतो? डिंपल, आण गं."

दुसरा चहा उकळत असतानाच डिंपलचा फोन वाजला. ती आतून ओरडतच बाहेर आली. "नाना, भडगावहून! निघाल्यात! छोटा हत्ती घेऊन निघाल्यात!"

चुडामणनं करवत पिशवीत घातली आणि तो दुसरा चहाही मजेत प्यायला.

दुपारी झुंबरबाई टेम्पोतून उतरल्या. ठेंगण्या, कपाळ मोकळं, आवाज मात्र खणखणीत. बरोबर बहिणीची थोरली मुलगी रत्ना होती.

"भाऊ, झोका इकाई गया व्हता ना?"

"कोठे गया, अक्का? तुम्हना नावना ठेवेल शे."

"मंग दिसेनासा कसा व्हयना?"

"अक्का, मीच पुसला," डिंपल खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, नवा केला की..."

"मावशी रोज चहाआधी तुमचा झोका बघायची," रत्ना म्हणाली. "एक दिवस नुसती पांढरी पाटी. तिनं चहाच घेतला नाही. काल घागर झाल्यावर म्हणाली, दुसरा बघ. वर सगळे लोखंडी पाइपचे, एकेकट्याचे. मी आपली खाली खाली जात राहिले. मग ही चप्पल दिसली."

झुंबरबाई डिंपलकडे वळल्या. "बाई, पुसाना पयले एक हाक तं मारनी व्हती!" असं म्हणून त्यांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो हात माझ्यावरून फिरला आणि पेन्सिलच्या रेघेवर थांबला. "हाई काय शे?"

हितेंद्र पुढे आला. अंगठ्यानं रेघ पुसू लागला, पण ती पुरती जाईना. "काही नाही अक्का. मिस्तरीनं माप घेतलं होतं."

"बरोबर शे माप," त्या म्हणाल्या. "इथलग तिन्ही पोरी. कमळकडे मी."

आता मी भडगावला आहे. त्या अर्ध्या कमळावर अक्का बसतात.

मित्रांनो, नव्या जाहिरातीतला माल लवकर जातो का, असं तुम्ही विचाराल. फोन जास्त येतात, एवढं मी पाहिलं. मी एकटा झोपाळा. माझ्यावरून साऱ्या बाजाराचा नियम काढू नका. पण एक विनंती आहे. वर काहीही आणा, पण जुनं पुसण्याआधी थोडं खाली जाऊन बघा. तिथं कुणीतरी चहा न घेता थांबलेलं असेल.

आणि कड्यांना वर्षातून एकदा तेल घाला. माझ्या सध्या कुरकुरतात. रत्ना तेलाची वाटी घेऊन आली होती, पण अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. लई दिवस गुपचूप व्हता तो."

मी अजून हलतो आहे.