कौसाबाईचे नऊ टन

नव्याण्णव साली मोरिवलीच्या एका कारखान्यातल्या ट्रकच्या वजनकाट्याने कौसाबाईला नऊ टन ठरवलं, तेव्हा अख्खं अंबरनाथ हसलं. रडकुंडीला आला तो चिंतामणी. काट्याला कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता आणि दुपारी शेठ बघायला येणार होते. काटा चुकला, तर कॉम्प्युटर भंगारात आणि चिंतामणी घरी.

कॅन्टीनला भाजी द्यायला निघालेली कौसाबाई काट्यावरूनच ओरडली, "मेल्या, डोक्यावर पाटी हाय, ट्रक नाय!"

तिच्याआधी काट्यावर चढलेला ट्रक कधीच निघून गेला होता. हा आकडा त्याचाच, शिळा.

प्रोसेसर एकदा वाचलेलं हाताशी, कॅशमध्ये ठेवतो आणि पुन्हा विचारलं की तेच वाढतो. त्याने वेग येतो, पण वजन दर वेळी ताजंच हवं. म्हणून चिंतामणीने सिस्टिमला बजावलं होतं, "काट्याच्या मेमरीला कॅश बंद." ती हो म्हणाली होती.

पण त्या मशीनवर दोन सिस्टिम नांदत होत्या, एकीच्या पोटात दुसरी. हो म्हणाली ती आतली, म्हणजे सून. कोठीच्या, म्हणजे मेमरीच्या, किल्ल्या बाहेरच्या सासूकडे, आणि तिने सुनेचा हुकूम कानाआड केला होता.

चिंतामणीने कपाळावर हात मारला आणि कॅश बंद करायला थेट सासूलाच सांगितलं.

शेठ आले तसा चिंतामणी म्हणाला, "कौसाबाई, चढा पुन्हा."

काट्याने पाटीसकट एकशे दहा किलो दाखवले. शेठ खूश झाले, चिंतामणीचा जीव भांड्यात पडला. कौसाबाई मात्र फणकारली, "नऊ टन बरं होतं रं! त्ये कुणाला खरं तरी वाटत नव्हतं."