पाण्यावरचा तवंग

टाकीवाला बाटली घेऊन आला तेव्हा ती बोटीत साचलेलं पाणी डब्यानं उपसत होती. टाकीवाला म्हणजे तळ्यातलं पाणी पंपानं गावाला चढवणारा माणूस, आणि नात्यानं तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ. एरवी आला की आधी चहा मागायचा. आज त्यानं उभ्या उभ्याच बाटली पुढे केली.

"वहिनी, वास घ्या."

तिनं घेतला नाही. बाटलीच्या गळ्याशी मोरपिशी रंग तरंगत होता, तो लांबूनही दिसत होता.

"परत आला का?"

"परत. पंपाच्या तोंडाशीच. गावात दोन लेकरांची पोटं बिघडलीत. कशानं ते देव जाणे, पण सगळ्यांचं बोट तुमच्या बोटीकडेच. उद्या सकाळी बघायला येणार आहेत. तवंग दिसला तर बोट वर ओढायची, असं ठरलंय. मी नाही ठरवलं."

"दुसरीकडे बांधू का?"

"बांधाल कुठे? चहूकडे तर गाळ आहे."

तो गेला. बाटली मात्र फळीवर ठेवून गेला.

नवरा वर झाडाखाली बसून सगळं ऐकत होता. उभ्या आयुष्यात त्यानं दुधाच्या किटल्या तळ्यापलीकडे पोचवणारी नाव हाकण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून इंजिनाचा दांडा तिच्या हातात आला. घरात तीन चालते हात उरले होते आणि त्या तिन्ही हातांना हे एकच काम येत होतं.

"मशीन म्हातारं झालंय," तो म्हणाला. "ओढू देत बोट वर. सुटलो एकदाचे."

"आणि खायचं काय? माती?"

त्यानं बोटीकडे बघितलं. मग म्हणाला, "आण काढून. बघू कुठनं गळतंय."

इंजिन एकटीनं उतरवणं म्हणजे कमरेचा काटा ढिला करणं. तिनं ते छातीशी कवटाळलं, गुडघाभर पाण्यातून घसरत, थांबत, शिव्या घालत वर आणलं आणि फळ्यांच्या घोडीवर अडकवलं. ऊन तापलं होतं. पेट्रोलची नळी बघितली तर टोकाला चिरली होती. तिनं चिरलेला भाग कापला, नळी पुन्हा बसवून तारेनं आवळली. कारण एवढंच असेल, अशी तिला आशा वाटली. तिनं इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्याच्या पिंपात सोडला, पंखा हातानं फिरवला आणि बघत बसली. घटकाभर पाणी स्वच्छ राहिलं. मग खालून एक थेंब वर आला आणि पानासारखा पसरला.

"वंगण गळतंय," तो म्हणाला. "खालचा स्क्रू काढ."

स्क्रू निघाला, पण वंगणाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी गळायला लागलं.

"आत पाणी शिरलंय. पाणी अडवणारं पंख्यामागचं रबरी सील गेलं." त्याचा आवाज चढला. "जाळ्यांवरनं नेलीस ना बोट? कितीदा सांगितलं, लांबनं वळसा घाल. पण ऐकेल ती बायको कसली."

तिनं नट सोडवला, पंखा ओढून काढला. मागे शाफ्टला तंगूस गुंडाळला होता. कोळ्यांच्या जाळ्याचा तो धागा इतका घट्ट बसला होता की सुरीच्या टोकानं कापून काढावा लागला. तिनं तो तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरला. पिवळा पडलेला, ठिसूळ, शेवाळलेला. कोळ्यांनी तो पिवळा तंगूस टाकून निळा घेतला, त्याला दोन पावसाळे उलटले होते. तेव्हा दांडा त्याच्याच हातात होता.

तो बराच वेळ त्या धाग्याकडे बघत राहिला.

"हत्यारांच्या डब्यात एक सील आहे," शेवटी म्हणाला. "जपून ठेवलेलं. तेवढंच. ह्या मशीनचं आता कुठे मिळत नाही."

तिनं डबा आणला. जुनं सील उचकटून काढलं, जागा रॉकेलनं पुसली.

"इकडे दे. मी बसवतो."

"अहो, राहू द्या."

"दे म्हणतो ना. हातात काही नसलं तरी डोक्यात आहे माझ्या."

तिनं दिलं. त्यानं डाव्या हातानं सील धरलं, उजव्याचा आधार द्यायला गेला, आणि तो हात मेल्या माशासारखा मांडीवरून घसरला. सील वाळूत पडलं. तो वाकून चाचपायला लागला, वाळू उकरायला लागला. चेहरा वर करेना. तिला दिसलं, त्याचे खांदे हलत होते.

"मला पण पुरा तळ्यात," तो म्हणाला. "मशीनबरोबर. दोघांचा तवंग एकदाच येऊन जाईल."

तिला रडायला बसावंसं वाटलं, पण ऊन उतरत चाललं होतं. तिनं सील उचललं, रॉकेलनं धुतलं, त्याच्या आतल्या कडेचा रबरी ओठ बोटानं चाचपला. चिरला नव्हता.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "शाफ्टला खाच पडलीय असं वाटतंय, पण माझ्या बोटांना घट्टे आहेत. नक्की कळत नाही. तुम्ही बघा."

तो मान खाली घालूनच सरकत आला. डाव्या हाताचं नख त्यानं शाफ्टवरून हळूच फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"इथे आहे. जुन्या सीलनं घासून पडलीय. नवं त्याच जागी बसवलंस तर उद्याच गळेल. जरा अलीकडे ठेव, म्हणजे ओठ कोऱ्या लोखंडावर येईल."

"किती अलीकडे?"

"मी नख धरतो. नखाला टेकलं की थांब."

तिनं सीलच्या ओठाला ग्रीस फासलं, वर लोखंडी नळीचा तुकडा ठेवला आणि लाकडी हातोडीनं ठोकायला लागली. जोर जास्त झाला तर सील आत जाणार होतं, आणि मग परत निघणार नव्हतं. त्याचं नख मध्ये होतं. एक ठोका जरा जोरात पडला, त्यानं दात आवळले, पण बोट काढलं नाही.

"अजून. हळू. अजून एक. बस."

तिनं पंखा परत चढवून नट आवळला, स्क्रूखाली जुन्या चपलेच्या चामड्याचं वायसर कापून घातलं, नवं वंगण भरलं आणि पिंपातलं पाणी बदलून पाय पुन्हा आत सोडला. दोघं पिंपाच्या दोन बाजूंना बसले. पाण्यात आभाळ दिसत होतं, ते लाल झालं, मग काळवंडलं. थेंब आला नाही. तिनं इंजिन परत बोटीला चढवलं आणि पाय पाण्यात सोडून ठेवला.

सकाळी गाव काठावर जमलं. टाकीवाला गुडघ्यावर बसून बोटीच्या मागे वाकला, काडीनं पाणी ढवळलं. एका म्हातारीनं ओंजळीत घेऊन हुंगलं, चूळ भरली आणि थुंकून टाकली.

"गाळाची चव आहे," ती म्हणाली. "तेलाची नाही."

लोक पांगले. कोणी शाबासकी दिली नाही. "आज नाही दिसला," एवढंच एकजण जाता जाता म्हणाला. दुधाच्या किटल्या बोटीत चढल्या. त्यांच्या मागून नवराही चढला आणि पुढच्या फळीवर तिच्याकडे तोंड करून बसला. बाटलीतलं पाणी तिनं काठावर ओतून टाकलं आणि बोट लोटली.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर तिनं विचारलं, "किती दिवस धरेल हो हे?"

तो तिच्या खांद्यावरून, मागे पाण्यावर उमटत जाणाऱ्या रेषेकडे बघत होता.

"खरं सांगू की खोटं?"

किटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

"आज खोटं सांगा."

"मग धरेल," तो म्हणाला. "आपण नसलो तरी धरेल."

तिनं दांडा पिळला आणि वेग वाढवला.